मस्त म्हणणारा माणूस

चिनात्सुने जेवणाच्या डब्यांची पेटी मैदानाच्या कडेला टेकवली आणि एक चेंडू सणसणत येऊन तिच्या पायाशी आपटला.

"मस्त! काय बॉल टाकलास!" कोणीतरी ओरडलं.

"मस्त?" ती उसळली. "माझा पाय मोडला असता!"

चेहऱ्यावरची जाळी वर सारत तो ओरडणारा घामाघूम तरुण धावत आला. कमरेत वाकून त्याने माफी मागितली, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही.

हा तेप्पेइ. दर फेब्रुवारीला जपानमधल्या या मियाझाकी गावी सरावाला येणाऱ्या बेसबॉल संघाचा बुलपेन कॅचर. मैदानात उतरण्याआधी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, हात मोकळा करतात, ते चेंडू झेलायचे, एवढंच त्याचं काम. पूर्वी तो खेळाडू होता. संघाने वगळलं, पण झेलायला ठेवून घेतलं. बोटं वाकडी झाली होती, उत्साह मात्र शाबूत होता.

दुसऱ्या दिवसापासून डबे पोहोचवायला चिनात्सुच जाऊ लागली. मावशीच्या खानावळीत त्यासाठी माणूस होता, हे ती सोयीस्करपणे विसरली.

"अहो, तो बॉल मातीत गेला! मस्त कसला?"

"उद्या त्यालाच सामन्यात उतरायचंय. मी तोंड वाकडं केलं की त्याचा हात आखडतो."

"म्हणजे खोटं बोलायचा पगार!"

"आणि वर अशी कोंबडी," तो डबा उघडत म्हणाला. "मस्त झालीये!"

ती हसली... पण घरी जाताना मनात किडा वळवळला. कोंबडी मस्त. कापलेले केस मस्त. सर्दीने लाल झालेलं नाक, तेही मस्त! यातलं खरं काय धरायचं?

तशात एका प्रवासी जहाजावरच्या स्वयंपाकघरातून बोलावणं आलं. दोन वर्षांची नोकरी. तिने अर्ज केला तेव्हा तेप्पेइची ओळखही झाली नव्हती. तिने त्याला सांगितलं आणि श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिली.

"मस्त!" तो म्हणाला.

बस्स, एवढंच.

त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. भातात पाणी जास्त झालं, गिऱ्हाइकावर ती खेकसली.

"जहाजात चढायच्या आधीच मळमळतंय का गं?" मावशीने टोमणा मारला.

महिनाभराचा सराव संपला. मैदानावर खेळाडू आणि प्रेक्षक एका तालात टाळ्या वाजवून निरोप घेत होते, आणि तेप्पेइ तिथे नव्हता. तो खानावळीच्या दारात उभा होता.

तिने त्याच्यापुढे कोंबडीची ताटली आदळली. त्याने एक घास खाल्ला.

"सॉस आंबट झालाय."

"...काय?"

"आंबट झालाय. आणि ती नोकरी..." त्याने मान खाली घातली. "मला अजिबात आवडलेली नाही. दोन वर्षं तू दिसणार नाहीस, हे मला सहन होणार नाही."

"मग त्या दिवशी मस्त का म्हणालात?"

"तुलाही मैदानात उतरायचं होतं ना... तुझा हात आखडायला नको, म्हणून."

चिनात्सुच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी स्तुती ऐकली, पण त्यातला एकही शब्द तिला इतका खरा वाटला नव्हता.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"जा."

"आणि परत येणार आहे. तुझ्याकडे."

त्याने तोंड उघडलं, पण नेहमीचा शब्द काही केल्या बाहेर पडेना. मग तिनेच त्याची वाकडी बोटं हातात घेतली.