न्हाणीला वास का नव्हता

पंजाबरावांच्या देवघरातून कुळदेवीचा सोन्याचा टाक गेला होता आणि भांडी घासणारी गोजरबाई पायरीवर बसवलेली होती. चोरी झाली की आधी मोलकरणीचा पदर झाडायचा, ही मोठ्या घरांची जुनीच खोड. फौजदार रामराव आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

पंजाबराव सकाळच्या गाडीने कुटुंबासह काशीहून मलकापूरला परतले होते. वैशाखाचा अख्खा महिना बंगला बंद. कुलूप शाबूत होतं.

"किल्ल्या किती?" रामरावांनी विचारलं.

"दोन. एक माह्याजवळ, एक वामनजवळ."

वामनराव म्हणजे धाकटे भाऊ. मोताळ्याहून भेटायला आले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही निघाले त्याच दिवशी मी किल्ली गोजरबाईले देली, झाडझुडीसाठी. मंग इकडं फिरकलोच नाही."

"साफ खोटं," गोजरबाई म्हणाली. "माह्याजवळ फाटकाची किल्ली होती, तुळशीले पाणी घालाले. घरात मले कोणी येऊ देत नाही, भांडे बी मी अंगणातच घासतो. साहेब, आज माह्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. मी चौकीत गेली तं सोयरीक मोडते."

"चोरताना पोरगी नाही आठवली?" पंजाबराव कडाडले.

"तुम्ही गप राहा. विचारीन तवा बोला," रामराव म्हणाले.

आत स्वयंपाकघरात पंजाबरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मोरीतून नुसती घाण येत होती.

"आल्यापासून पाणी कोणी वापरलं?"

"कोणीच नाही. पाय बी धुतले नाही अजून. देवघर पाह्यलं अन् बोंब उठली."

रामरावांनी मोरीची जाळी उचलली. खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहतं तो वाकडा भाग, कोरडा ठाक होता. मग ते न्हाणीत गेले. तिथे वास नव्हता. जाळी काढली, तर ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं.

"बाई, देवाची पूजा कोण करते?"

"हेच करतात. हे नसले तं वामनभाऊजी. त्यायचं सोवळं लय कडक. वाटणीत देवी आमच्याकडं आली, तवापासून मनातून नाराज हायेत."

रामराव ओसरीवर आले. आवाज चढला होता.

"ट्रॅपमधलं पाणी मैल्याच्या टाकीचा वास अडवून धरते. महिनाभर मोरीत तांब्याभर पाणी नाही पडलं, तं ते या उन्हात आटते अन् घर नासते. स्वयंपाकघरात तेच झालं. न्हाणीतलं काऊन नाही आटलं? कारण चार-आठ दिवसांखाली तिथं कोणीतरी न्हालं. चोराले घाई असते, पंजाबराव. ह्या चोरानं किल्लीनं कुलूप खोललं, आधी आंघोळ केली, अन् मंग देवघराले हात लावला. ज्या बाईले तुम्ही घरात पाय ठेवू देत नाही, ती तुमच्या न्हाणीत नाहाले बसन का? पारोसा हात देवीले लागू नये याची काळजी या घरात कोणाले हाय?"

पंजाबरावांची मान हळूच भावाकडे वळली.

"देवी माह्या देवघरात हाय," वामनराव खाली बघत म्हणाले. "विकाले नाही नेली. रोज फूल वाह्यतो. आईनं मले सांगितलं होतं तिचं पाहाले, दादानं वाटणीत हिसकली."

"अन् ही बाई?" रामराव ओरडले. "देवीले पारोसा हात लावाले भ्याला, अन् हिच्या पोरीच्या संसारात माती कालवताना नाही भ्याला? कोणत्या पाण्यानं धुतला होता तो हात? चाल चौकीत."

अन्नपूर्णाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. पंजाबराव चाचरत म्हणाले, "गोजरबाई, झालं गेलं... उद्या येजो कामाले."

गोजरबाई उठली. कमरेची फाटकाची किल्ली काढून तिने उंबऱ्यावर ठेवली.

"तुळशीले पाणी आता तुम्हीच घाला," ती म्हणाली. "अन् आंघोळ करून घाला."

ती निघाली. घरी पाहुणे यायचे होते.