शनिवारी एक वाजता, मिस अर्लीनकडे

अनुया पालेभाजीचा पहिला घास तोंडाशी नेत होती, तेवढ्यात समोरचा मुलगा म्हणाला, "ते खाऊ नको."

मराठीत म्हणाला, म्हणून ती थांबली. दहा मिनिटांपूर्वी तो 'सॉरी' म्हणत तिच्या टेबलापाशी येऊन बसला होता. शनिवारी दुपारी मिस अर्लीनच्या हॉटेलात दुसरी खुर्ची रिकामी नव्हती.

"म्हणजे व्हेज असशील तर," तो घाईने पुढे बोलला. "तू फोनवर आईला सांगत होतीस ना, पालेभाजी घेतली म्हणून… त्यात डुक्कर आहे. स्मोक्ड. हा भाजी इथे तसाच करतात."

अनुयाने काटा खाली ठेवला. नीट पाहिलं तर हिरव्या पानांत गुलाबी धागे दिसत होते. घाबरावं की हसावं तिला कळेना. 'हा भाजी' मात्र तिच्या कानात घुटमळत राहिला. तिने विचारलं, "तुम्ही मराठी?"

तो इथलाच, इंग्लंडात साउथहॅम्प्टनमध्येच जन्मलेला. नाव अंशुमन. बाबा नागपूरचे, आई साताऱ्याची, दोघं इथे डॉक्टर. 'तुम्ही' म्हणू नकोस, त्याने विनवलं, आपल्याला एकदम बाबा झाल्यासारखं वाटतं. मग स्वतःच तिची प्लेट उचलून काउंटरवर गेला आणि मिस अर्लीनना घेऊन आला.

मिस अर्लीन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, जॉर्जियाच्या; तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात. इंग्लिश खलाशाशी लग्न करून या बंदराच्या गावात आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. आईकडून शिकलेलं जेवण त्या इथे रांधत होत्या. चूक आपलीच, विचारायला हवं होतं, असं म्हणत त्यांनी नवी प्लेट आणली. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली कुरकुरीत भेंडी, चीजमध्ये बुडालेली मॅकरोनी, मांस न घालता शिजवलेली चवळी. आणि कॉर्नब्रेडचा गरम चौकोन… ना पाव, ना ढोकळा, दोन्हींच्या मधलं काहीतरी. त्यावर लोणी हळूहळू वितळत होतं. अनुयाने पहिला तुकडा मोडला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा अंशुमन तिच्याकडे बघत होता. पकडला गेल्यावर तो घाईने आपल्या प्लेटमधल्या तळलेल्या चिकनकडे वळला.

अनुया एकतीस वर्षांची होती. पुण्याहून दीड वर्षापूर्वी आली होती. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवणं, हे तिचं हॉस्पिटलमधलं काम. इथे एकटीने हॉटेलात जेवायची तिने स्वतःला मुद्दाम सवय लावली होती. त्या दिवशी निघताना अंशुमन म्हणाला, की तो दर शनिवारी एक वाजता येतो. तिने काही विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती एक वाजायला पाच मिनिटं असताना पोचली.

असे चार शनिवार झाले. बाहेर कधी रिमझिम, कधी बंदरावरून येणारा खारट वारा. आत तळणीचा वास आणि त्या दोघांचं न संपणारं बोलणं. तो बंदरात कामाला होता. जहाजावर कुठला कंटेनर कुठे रचायचा ते ठरवायचा. तिची प्लेटही तो तशीच भरायचा, चवळीचा रस कॉर्नब्रेडला लागणार नाही अशी. ती मुद्दाम लावायची. फोन नंबर पहिल्या दिवशी मागायचा राहिला, आणि नंतर दोघांनाही तो नसण्यातच गंमत वाटू लागली. कुणी कुणाला आठवण करायची नाही. यावंसं वाटलं तर यायचं.

पाचव्या शनिवारी तिने त्याला सांगितलं, की तिचं लग्न झालं होतं. तीन वर्षं टिकलं. मारहाण नाही, भांडणं नाहीत… फक्त घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. शेवटी तिने घटस्फोट घेतला. रीडिंग नावाच्या दुसऱ्या शहरात कायमची नोकरी मिळते आहे, हेही तिने त्याच दमात सांगून टाकलं.

अंशुमनने काटा खाली ठेवला. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. "ओके," एवढंच म्हणाला. मग प्लेटकडे बघत राहिला.

अनुया बिल देऊन उठली. बसमध्ये तिने स्वतःला बजावलं, की एवढंच होतं. गुरुवारी रीडिंगला होकार कळवला.

त्या शनिवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. एक वाजून गेला, दीड वाजला. दोनला तिने कोट चढवला. भेंडी खायला चाललेय, ती मनाशी म्हणाली.

टेबल रिकामं होतं. ती तरीही जाऊन बसली. मिस अर्लीन हात पुसत आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी सांगितलं, की तो मुलगा सोमवारपासून रोज कामावरून सुटला की येतोय, दाराकडे तोंड करून बसतोय. आजही बाराला आला. आता तिला शोधायला बसस्टॉपवर गेलाय, तिसऱ्यांदा. सहा दिवस रोज तळलेलं चिकन खातोय. त्याच्या तब्येतीसाठी तरी त्याच्याशी बोल.

तेवढ्यात दार उघडलं. केस भिजलेले, चष्म्यावर थेंब. तिला बघून तो दारातच थांबला. मग येऊन बसला, चष्मा काढला… पुसायचाच विसरला.

"इंग्लिशमध्ये मी लगेच बोललो असतो," तो म्हणाला. "आय ॲम सॉरी, वगैरे. पण मला सॉरी नव्हतं वाटत."

अनुयाच्या ओठांवर शब्द आले होते. तिने ते परतवले. पेशंटच्या घरच्यांना ती रोज सांगायची, की त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. आठवड्यापूर्वी ती स्वतः थांबली नव्हती.

"मला बरं वाटला," अंशुमन सावकाश म्हणाला, एकेक शब्द उचलून ठेवत. "तू तिथून निघालीस म्हणून. इथे आलीस म्हणून. आणि मग वाटलं, असं कसं बोलायचं… ती दुःखाचं सांगते आणि मला बरं वाटतं. मराठीत कसं म्हणतात माहीत नव्हतं. आईला विचारलं असतं, तर तिला सगळं कळलं असतं."

"मग विचारलंस?"

"काल. कळलं तिला."

अनुया हसली. मग डोळे भरून आले आणि ती तरीही हसतच राहिली. "मी रीडिंगला हो म्हटलंय, अंशुमन."

"पन्नास मिनिटं," तो म्हणाला. "डायरेक्ट ट्रेन आहे. मी मंगळवारीच बघितलं." त्याने खुर्ची पुढे सरकवली. "मला तू आवडतेस, अनुया. हे मराठीत बरोबर आहे ना?"

तिने त्याच्या हातातला चष्मा घेतला, आपल्या ओढणीने दोन्ही काचा पुसल्या आणि त्याच्या डोळ्यांवर हलकेच चढवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि मलाही… तू."