कमरेचं माप

त्यांची पहिली भेट झाली ती भर रस्त्यात, आणि तीही त्याची पँट घसरत असताना! बाहेर पावसाची भुरभुर, त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि पँट निघालेली खाली. बिचारा कोपरांनी धरायला बघत होता.

समोरच्या शिवणकामाच्या दुकानातून तिने ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"अहो, आत या आधी! टाचणी लावते. फुकटचा तमाशा कशाला?"

तो आत आला, कानांपर्यंत लाल होऊन. दुकान मावशीचं होतं आणि कात्री भाचीच्या हातात. मावशीने मशीन थांबवून चष्म्यावरून पाहिलं. "पट्टा नाही का हो तुमच्याकडे?"

"आहे... विसरलो."

"डाएट भलतंच जोरात दिसतंय," टाचण्या लावता लावता ती म्हणाली.

त्याने भिजलेली टोपी काढली. डोकं तुळतुळीत, भुवया नावापुरत्या. तिने जीभ चावली.

"लिम्फोमा," तो म्हणाला. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात ना, आपले पहारेकरी? त्यातल्याच काही बिघडतात आणि मानेत, काखेत गाठी करून बसतात."

"म्हणजे... कॅन्सर?"

"हो. पण औषधाला दाद देणारा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आणि औषधामुळे मधूनमधून विसरायला होतं. म्हणून पट्टा..."

"राहू द्या हो पट्टा," ती घाईने म्हणाली. "मी कमर आवळून देते."

तो मुलांना पोहायला शिकवायचा, म्हणून मावशीने त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं. औषध चालू आहे तोवर पाण्यात उतरायला बंदी, तेव्हा मास्तर काठावर बसून नुसती शिट्टी फुंकायचा.

आणि मग काय सांगू, त्या पँटीचे हाल! केमोचं सलाईन झालं की काही दिवस गोळ्या असायच्या. त्या पोटात गेल्या की मास्तरला राक्षसासारखी भूक लागायची आणि तोंड गोल गरगरीत व्हायचं. गोळ्या संपल्या की तोंड यायचं, कशालाच चव लागायची नाही, आणि स्वारी पुन्हा काडी!

"गेल्या आठवड्यात आवळलीत. आज उसवा," तो दारातूनच म्हणायचा.

"एकदा ठरवा काय ते! जाडे की बारीक?"

"तुम्हाला कसा आवडेल?"

"मला? मला वेळेवर येणारं गिऱ्हाईक आवडतं."

पट्टा दर वेळी विसरलेलाच. तिला बिचाऱ्याची दया यायची. औषधं काय काय करतात माणसाचं, असं म्हणत ती दोरा ओवायची.

एकदा मात्र तो पायरीवर आला आणि ती आतून ओरडली, "थांबा! आत पाऊल टाकू नका!"

त्याचा चेहरा उतरला. लोक असे लांब व्हायला लागले होते, कुणी कपसुद्धा वेगळा ठेवायचं.

"मावशी सकाळपासून शिंकतेय," ती म्हणाली. "या आठवड्यात तुमच्या त्या पहारेकरी पेशी कमी असतात ना? मग? पिशवी कडीला अडकवा आणि जा बघू."

तो रस्त्यातच उभा राहून हसायला लागला. "आणि माप?"

"पाठ आहे मला."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. मावशी आत जोरात शिंकली म्हणून बरं.

शेवटचं सलाईन झालं. आता स्कॅन.

"गुरुवारी रिपोर्ट," मास्तर म्हणाला. "चांगला आला तर... एक सांगायचंय तुम्हाला."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही सांगणार. उगाच कशाला कुणाला..."

तिचं डोकंच फिरलं. "वा! म्हणजे माझ्या वाट्याचं तुम्ही एकट्यानेच ठरवून मोकळे? मला कुणी विचारायचं की नाही?"

तो टोपी उचलून निघून गेला. आपण उगाच बोललो, असं तिला रात्रंदिवस वाटत राहिलं.

गुरुवारी तिने उजवी बाही डावीकडे जोडली. उसवली, आणि पुन्हा तिथेच जोडली. मावशीने मुकाट्याने कापड काढून घेतलं. दुपार टळली तरी मास्तरचा पत्ता नाही.

संध्याकाळी दारात सावली पडली. तिने आधी पाहिलं ते त्याच्या कमरेकडे... तिथे पट्टा! चांगला घट्ट बसलेला. म्हणजे आता काम संपलं, हा निरोप घ्यायला आला, असंच तिला वाटलं.

"रिपोर्ट स्वच्छ आहे," तो म्हणाला. "कुठे काही दिसत नाही. रिमिशन म्हणतात त्याला. दर काही महिन्यांनी तपासायचं. परत येणारच नाही, असं मात्र कुणी लिहून देत नाही."

ती मटकन स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. केवढं हलकं वाटलं तिला! मग नाक पुसत म्हणाली, "पट्टा सापडला वाटतं?"

"हरवला कधी होता? कोपऱ्यावर आलो की काढून पिशवीत टाकायचो."

"आणि ते औषधाने विसरणं?"

"ते खरं आहे. चाव्या विसरलो, फोन विसरलो, एकदा स्वतःची गल्ली विसरलो. पट्टा फक्त पहिल्या दिवशी विसरलो. नंतर कधीच नाही."

"मला केव्हाचं ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "खिडकीतून दिसतो तो कोपरा. आणि तू काय बघतेस गं? दर वेळी नुसता कच्चा धावदोरा घालून द्यायचीस. पक्की टीप मारली असतीस तर तो आला असता होय इतक्यांदा?"

"मावशी!"

मास्तर हसला. मग एकदम गंभीर झाला. "एक राहिलंच. तुम्ही त्या दिवशी रिपोर्टवरून चिडलात ना... हा पट्टा मी आज सकाळीच लावून निघालो. रिपोर्ट हातात यायच्या आधी."

तिला समजायला जरा वेळ लागला. रिपोर्ट काहीही आला असता तरी तो येणार होता. कसलंही निमित्त न करता. सांगायला.

"मग सांग की," ती हळूच म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

"तू मला आवडतेस. फार."

"पुढच्या तपासणीला मी येणार. आणि त्याच्या पुढच्याही."

"ये."

त्याने तिचा हात धरला, मापाच्या टेपसकट. मावशीने पाठ फिरवली आणि खडखडखड मशीन चालवायला घेतली. सुईखाली कापडच नव्हतं.