तळव्यांचं म्हणणं

वळण अजून बरंच लांब होतं, तरी गाडीने करकचून ब्रेक लावला. चालक यासीनचं हेल्मेट पुढे हिंदकळलं आणि मैदानाच्या कडेला उभी शर्वाणी लॅपटॉप घेऊन धावली. उद्यावर शर्यत आलेली आणि गाडीचं हे नवंच नाटक!

कॉलेजच्या मुलांनी वर्षभर खपून ही विजेवरची गाडी बांधली होती आणि तिची सगळी मिजास स्टिअरिंगमध्ये होती. चालकाच्या हातांच्या तळव्यांतले मज्जातंतूंचे संदेश ते टिपायचं, म्हणजे पाय हलायच्या आधीच ब्रेक लागायचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं बेतवाचक. त्याचा प्रोग्राम शर्वाणीचा, तारा आणि सर्किटं गार्गी लोखंडेची. काही बिघडलं की दोघी एकमेकींकडे बोट दाखवायला मोकळ्या.

"तुझ्या तारांतला कचरा असणार," शर्वाणी म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं! कालच तारांना बाहेरची खरखर अडवणारं नवं जाळीचं वेष्टण घातलंय. थांब, दाखवतेच."

गार्गीने उभ्या गाडीतच स्टिअरिंग धरलं. लॅपटॉपवर संदेशांची रेघ सरळ, शांत. मग यासीनने धरलं, तशी ती थरथरायला लागली.

"पण मी ब्रेकचा विचारसुद्धा केला नव्हता," यासीन म्हणाला. "खरं सांगतो."

शर्वाणीने जुन्या नोंदी उघडल्या. असेच बारीक झटके गेला महिनाभर येत होते. प्रोग्रामवाल्यांची खोडच ती, कळलं नाही की तारांवर ढकलायचं. तिनेही गार्गीला न विचारता प्रोग्रामला चाळणी लावून ते गाळून टाकले होते. गाडी सुसाट पळाली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नवं वेष्टण आलं म्हणून काल तिने चाळणी काढली, तर आज हे. तारा तर स्वच्छ, थरथर यासीनच्या तळव्यांतलीच. म्हणजे इतके दिवस ती या पोराची भीती कचरा समजून फेकत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने सगळं सांगितलं. यासीन आधी हसला, मग चिडला.

"चाळणी परत लाव की मग! हे असलं घेऊन उद्या उतरलो तर शेवटचा येईन. मी घाबरत नाही, शर्वाणी."

"मग तळवे कुणाचे आहेत?" गार्गीने विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. दुसरा चालक तयार नव्हता. यासीन उतरला नाही तर सगळ्यांचं वर्ष पाण्यात जाणार होतं. शर्वाणीने चाळणीच्या बटणावर बोट नेलं आणि तिथंच थांबवलं.

"स्टिअरिंग धर," ती हळूच म्हणाली. "आणि एवढंच सांग. उद्या तुला गाडी चालवायची आहे ना?"

"हो," यासीन ताडकन म्हणाला.

रेघ सळसळत पार वर गेली. उभ्या गाडीचे ब्रेक खाडकन आवळले.

"बोल आता," गार्गी कुजबुजली. "यातल्या कुठल्या यासीनचं ऐकायचं?"