ओ आली तर बटण न्हाई

हे घडलंय. माझ्याच बाबतीत घडलंय. मी परभणीच्या एका कॉलेजात एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीत पीएच.डी. करायलेय. भुतांच्या गप्पा मारणाऱ्यांवर मी लय चिडायचे. आता चिडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. भर दुपार, कॉलेज रिकामं.

आमच्या लॅबच्या टोकाला शिशाच्या दाराची खोली आहे. आत एक्स-रेचं जुनं यंत्र. ते चालू असताना आत माणूस राहिला, तर त्याची खैर नाही.

माझे गाईड भगवानराव सर पालमकडचे, मेंढपाळाच्या घरातले. मेंढरांच्या वाड्याचं दार लावायच्या आधी त्यांचे वडील ओरडायचे, "आत कुणी हाय का?" सरही या दाराशी तीच हाक मारायचे. आधी घसा खाकरायचा, मग हाक.

"ओ आली तर बटण न्हाई," हा त्यांचा नियम. आम्ही सगळे हसायचो.

सर उन्हाळ्यात गेले.

त्या दुपारी माझं शेवटचं रीडिंग राहिलं होतं. ते मिळालं की प्रबंध पुरा. नाही मिळालं तर जूनमध्ये मुदत संपणार आणि सगळी वर्षं पाण्यात. त्यात लाईटचा भरवसा नाही. घाईघाईत दार लावलं. हाक मारलीच नाही.

बटणावर बोट ठेवलं...

आतून कुणीतरी घसा खाकरला.

"हाय... थांब."

सरांचा आवाज! न मारलेल्या हाकेला ओ!

दार उघडलं. सर नव्हते.

यंत्रामागं मालनबाई पडल्या होत्या, आमच्या झाडूवाल्या मावशी. बेशुद्ध.

दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले तशी मी विचारलं, "मावशी, आत तुमच्यासंगं कोण होतं?"

"कोन ऱ्हाणार बाई? शुगर कमी झाली, अंधारी आली, पडले. पुढचं काई ठावं न्हाई."

मी त्यांचा हात धरून ढसाढसा रडले. माझ्या हातून काय झालं असतं!

इथं संपलं असतं तर बरं होतं.

मावशी बऱ्या झाल्यावर मी परत लॅबमध्ये गेले. कोपरा न् कोपरा बघितला. मावशींना माझ्याजवळ उभं केलं. दार लावलं.

"आत कुणी हाय का?"

खाकरणं... मग, "हाय."

मावशींनी पदर तोंडाला लावला. म्हणजे त्यांनीही ऐकलं.

तेव्हापासून दर वेळी हेच. "अहो सर, आता तरी बाहेर या ना!" म्हणून ओरडलेसुद्धा. दुसऱ्या कॉलेजात जा म्हणतात लोक. पण आधीची सगळी रीडिंगं याच यंत्रावरची, एकच दुसरीकडचं कोण मान्य करणार?

जून तोंडावर आलाय.

काल पुन्हा गेले. खोली नीट बघितली. हाक मारली...

ओ आली.

बटण दाबून मोकळं व्हावं, असं लय वाटलं. सरच असतील, त्यांना आता काय होणार? पण ज्या दिवशी मावशी आत होत्या, त्या दिवशीही मी खोली रिकामीच धरून चालले होते.

बोट मागं घेतलं आणि घरी आले.