एक पोरगी, दोन शाळा

या, अशा जवळ सरका. पोथी सांगणारे बुवा पाटावर यायला अजून अवकाश आहे, तोवर दोन मास्तरांची गोष्ट सांगते. हसू आलं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

पोंभुर्ण्याच्या बाजूला, तळ्याकाठच्या एका गावात पायल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मे महिना. चप्पल अंगणात काढली तर परत पायात घालवेना, आणि ही बाई पहिलीसाठी मुलं मागत दारोदार फिरत होती. पटावर एकोणीस पोरं. विसावं नाव आलं नाही तर शाळा बंद, पोरं नाल्यापलीकडच्या गावी, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी बजावलेलं. पावसाळ्यात तो नाला कमरेएवढा वाहतो. साहेबांना तो ओलांडावा लागत नाही ना!

मासेमारी करणाऱ्या इस्तारीच्या अंगणात ती पोचली, तर खाटेवर आधीच एक जण. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, घामाने निथळलेला. तालुक्याच्या इंग्रजी कॉन्व्हेंटचा मास्तर, देवानंद. त्यालाही संस्थेने फॉर्म देऊन उन्हात पिटाळलेलं.

"इथीही तुम्हीच?" पायल वैतागली. सकाळपासूनचं हे चौथं दार.

"मी पहिले आलो, मॅडम. तुम्हीच माझ्या मागं मागं..."

"मी काऊन येऊ तुमच्या मागं?"

तो हसला. गालाला खळी पडली. तिला त्या खळीचाही राग आला.

इस्तारी जाळं विणत म्हणाला, "सरांच्या इथी व्हॅन येते. बाई, तुमच्या इथी काय भेटते?"

"खिचडी, पुस्तकं, गणवेश. फी नाई."

"अन् इंग्रजी?"

"तेही शिकवते. निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षण, यातून वेळ मिळाला की —" ती थांबली. खरं बोलून गेली होती.

"आमच्या इथी याद्या नाई," देवानंद हळूच म्हणाला, "पण एका वर्गात साठ पोरं. अन् नावं पाठ होईपर्यंत मास्तरच बदलते."

पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

इस्तारीला कोणालाच नाही म्हणवेना. त्याने दोघांनाही 'हो' म्हटलं. दिव्यानीचा, म्हणजे पोरीचा, जन्मदाखला बाईंकडे आणि आधार कार्ड सरांकडे!

पुढचे आठ दिवस हेच. ज्या दारी ती, त्या दारी तो. कुठे तिच्यासाठी पाणी आधीच मागून ठेवलेलं, कुठे तिची स्कुटी सावलीत सरकवलेली. ती आणखीच चिडायची... आणि पुढच्या दारी तो दिसला नाही, की मान वळवून रस्ता पाहायची.

अर्ध्याच कागदांमुळे दिव्यानीची नोंदणी दोन्ही शाळांत अडकली. दोघं पुन्हा इस्तारीच्या अंगणात.

"इस्तारीभाऊ, एक पोरगी दोन शाळेत बसते का?"

"राग नका करू, बाई. तुम्ही उन्हातून आल्या, तेही उन्हातून आले. कोनाले परत लावू?"

त्याची बायको रंभा सुकट निवडत होती. तिने मान वर केली. "मले एकच सांगा. तुमचं लगन झाल्यावर तुमचे लेकरं कोणत्या शाळेत घालान? आमची पोरगी तिथीच जाईन."

सरकारी मास्तरांची पोरं कॉन्व्हेंटात जातात, हे काय गावाला ठाऊक नाही?

"माझे याच शाळेत," पायल म्हणाली. नजर हटवली नाही.

"अन् सर, तुमचे?"

देवानंदने टायची गाठ सैल केली. "मॅडमचे जातील... तिथीच."

पायलला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि कानशिलं तापली. "हे काय असं बोलाची जागा आहे का?"

"आठ दिवस जागाच शोधून राह्यलो, मॅडम. तुम्ही दर दारी भांडूनच राह्यल्या." त्याने आधार कार्ड तिच्यापुढे धरलं.

"नोकरी जाईन तुमची!"

"मंग रोज भांडाले मोकळा."

तिने कार्ड ओढून घेतलं. चार पावलं गेली, थांबली, आणि मागे न वळता म्हणाली, "रविवारी घरी या. अन् तो टाय घालून नका येऊ... बाबा हसतील."

दिव्यानीचं विसावं नाव त्याच दुपारी पटावर चढलं, शाळा वाचली. आता माझं एवढंच मागणं. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा रंभेची आठवण ठेवा. तिने विचारलं नसतं, तर ती दोघं अजूनही दारोदार भांडतच फिरली असती.