डिकीतला कानसेन

हे खरं आहे का, असं खाली कमेंटमध्ये विचारू नका.

खरं आहे. मी लोकांना पटवून पटवून थकले आहे. आता कोणाला पटवायची हौस उरलेली नाही. ज्याला पटेल त्याने वाचावं.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. मंगळवारची भर दुपार होती. ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. जागा म्हणजे गोदामांच्या मागून जाणारा सरळ, रिकामा रस्ता. अशा ठिकाणी माणूस उन्हाला घाबरतो, दुसऱ्या कशाला घाबरत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेते. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणाला पुन्हा चालायला शिकवायचं असतं. गाडी नसेल तर माझं काम बंद. म्हणून एक जुनी गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, मागे वेगळी डिकी असलेली.

पहिला महिना सुखाचा गेला.

मग एक दिवस मागून आवाज आला...

टक.

थोड्या वेळाने पुन्हा... टक टक.

खड्डा नव्हता. ब्रेक दाबला नव्हता. रस्ता गुळगुळीत होता. आणि गाडीत मी एकटी.

ही त्या आवाजाची खोड होती. मी एकटी असले की यायचा. नवरा शेजारी बसला की गप्प. नवरा म्हणाला, "तुझ्याच डोक्यातला एखादा नट ढिला झालाय, तो आधी आवळून घे." सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण मनातून चिडले होते.

गॅरेजची तर बातच सोडा.

पहिल्या गॅरेजवाल्याने माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "मॅडम, साहेबांना पाठवा. त्यांना नीट सांगता येईल." साहेबांना क्लच आणि ब्रेक यातला फरक कळत नाही. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, आणि सांगायला मात्र साहेब हवेत!

दुसऱ्याने मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. मी जुने दाखवायला सांगितलं. "ते भंगारात गेले, मॅडम." एका दुपारीत भंगारात गेले? तिसऱ्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "आवाज नाहीच." मी फाटकातून बाहेर पडले. पहिल्याच वळणावर... टक टक.

मागे फिरून गाडी परत आत नेली, तर एकदम गरीब गाय. चिडीचूप. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच वेळ घालवायला आले आहे.

रडू यायचं बाकी होतं. आजार खरा आहे आणि डॉक्टर म्हणतोय तुम्हाला काही झालेलंच नाही, अशी माझी गत होती.

मग माझ्या एका पेशंट आजोबांनी कानसेनचा पत्ता दिला.

त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही. सगळे कानसेनच म्हणायचे, कारण तो नुसत्या कानाने गाडीचं दुखणं ओळखायचा. आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. भारी बढाईखोर माणूस. गॅरेजमध्ये रेडिओ नाही, कोणी मोठ्याने बोललं की "शू!" करणार. हातात पान्हा, निळा डगला, आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

मी नेहमीचं रडगाणं गायला सुरुवात केली. त्याने हात वर केला.

"ताई, मालक म्हणतो आवाज आहे, म्हणजे आवाज आहे. पुढचं माझ्यावर सोडा."

तुम्हाला सांगते, त्या एका वाक्याने मला इतकं बरं वाटलं! इतक्या महिन्यांत माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस.

तो शेजारी बसला, मी गाडी चालवली. काही नाही. पुन्हा एक फेरी मारली. काही नाही.

मला वाटलं, आता हाही हात झटकणार. पण तो म्हणाला, "आवाज मागून येतो ना? मग मागेच जायला हवं. मी डिकीत झोपतो, तुम्ही चालवा."

"अहो, काहीतरीच काय! गुदमराल."

"आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे, ताई. पुढे बसून मागचं कळत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मी ओरडलो की थांबा."

त्याने खिशातला फोन गॅरेजच्या टेबलावर ठेवला, झोपल्यावर टोचतो म्हणून. माझं डिकीतलं सामान बाहेर काढलं. मग आत शिरून कुशीवर झोपला. गुडघे पोटाशी, गाल खालच्या चटईवर.

"लावा," म्हणाला.

मी डिकी लावली. माझ्या हाताने. खट् असा आवाज झाला.

हे लक्षात ठेवा. मी त्याला आत बघितलं होतं.

गोदामांच्या मागच्या रस्त्याला लागले. मागच्या सीटच्या पलीकडून त्याचा आवाज येत होता, दबलेला, पण स्पष्ट. "जरा हळू... हां, असंच... आता सरळ चालू द्या."

आणि मग...

टक टक.

"ऐकलंत?"

"ऐकलं, ताई! ऐकलं!"

मला खरंच रडू आलं. आनंदाने. मला वेड लागलं नव्हतं. मी एका हाताने डोळे पुसत गाडी चालवत होते आणि नवऱ्याला काय काय ऐकवायचं ते मनात ठरवत होते.

"कुठून येतोय?" मी विचारलं.

मी आवाज चढवला.

"अहो, कुठून येतोय? खालून का?"

"खालून नाही, ताई..." आवाज बदललेला होता. बढाई कुठल्या कुठे गेली होती. "माझ्या शेजारून येतोय."

मला आधी कळलंच नाही. शेजारी म्हणजे कुठे? डिकीत एक माणूस कसाबसा मावतो.

"ताई... इथे जागा कमी पडतेय."

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या उन्हात हात गार पडले.

मग मागे काहीतरी सरकलं. गाडी मागच्या बाजूने किंचित उचलल्यासारखी झाली, एखादा माणूस उतरल्यावर होते तशी...

"तुम्ही गाडी थांबवलीत का, ताई?"

"नाही हो. चालूच आहे."

"मग आता कोण उतरलं?"

मी आरशात बघितलं. रस्ता रिकामा होता. मी बाजूला घेऊन ब्रेक दाबला. डिकीची चावी काढणार, एवढ्यात फोन वाजला.

स्क्रीनवर कानसेनचा नंबर. मी स्पीकर चालू केला.

"ताई, आहात कुठे?" तोच आवाज. तीच घाई. "मी टॉर्च आणायला आत काय गेलो, तुम्ही मला सोडून गेलात! मी इथे फाटकात बोंबलतोय."



मागून धक्के बसायला लागले. "ताई, उघडा! कोण बोलतंय?"

फोनवरचा हळूच म्हणाला, "ताई... हा तर माझा आवाज आहे."

"तुम्ही... तुम्ही डिकीत आहात ना?"

"मी गॅरेजमध्ये आहे. तुमच्या डिकीत कोण आहे ते मला माहीत नाही. उघडू नका. गाडी तशीच इकडे आणा."

"त्याचं ऐकू नका!" मागचा ओरडला. "मी आत आहे, ताई. मला गुदमरतंय!"

आता सांगा, काय करायचं?

एका मेकॅनिकवर विश्वास ठेवायला मला इतके महिने लागले. आता एकाच आवाजाचे दोन मेकॅनिक होते आणि त्यातला एक खोटा होता. मागचा खरा असेल तर तो माझ्या गाडीत मरत होता. फोनवरचा खरा असेल तर... मागे काय होतं?

मी ओरडले, "पहिल्यांदा भेटलात तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात? सांगा!"

मागून लगेच उत्तर आलं. धापा टाकत. "मालक म्हणतो आवाज आहे... म्हणजे आवाज आहे."

"हेच म्हणालो होतो," फोनवरचा शांतपणे म्हणाला. "ताई, घाबरू नका. मी आहे ना? गाडी घेऊन या."

तो शांत होता. मागचा किंचाळत होता. घाबरलेल्या माणसाला शांत आवाज खरा वाटतो, मला तरी वाटला.

मी गाडी वळवली.

सगळा रस्ता मागून धक्के बसत होते. "ताई... ताई..." मी खिडक्या वर केल्या, तोंडाने काहीबाही बडबडत राहिले, म्हणजे ऐकू येऊ नये. गोदामं संपली तेव्हा धक्के हळू झाले. वळणावर नुसतं खरवडल्यासारखं वाजलं. फाटक दिसलं...

आणि मागे सगळं शांत झालं.

कानसेन फाटकात उभा होता. निळा डगला, कानाला फोन. त्याने माझ्या हातातून चावी घेतली आणि डिकी उघडली.

रिकामी.

चटई एका बाजूला गोळा झाली होती. बाकी काही नाही.

"बघा," तो म्हणाला, "उन्हाचा त्रास झाला असेल तुम्हाला." आणि हसला.

त्या दिवसापासून गाडीतला आवाज बंद झाला. नवरा म्हणाला, "चला, सुटलीस एकदाची!" मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग मीही विषय सोडला. कोणापुढे डोकं फोडायचं?

नंतर एकदा ऑइल बदलायला गेले. गॅरेजमध्ये रेडिओ मोठ्याने चालू होता. एक गिऱ्हाईक त्याला पोटतिडकीने सांगत होतं, पुढच्या चाकातून घरघर येते म्हणून. कानसेनने मान वरही केली नाही. "आवाज-बिवाज काही नाही. घेऊन जा."

मी ऑइल न बदलताच परत आले.

मागच्या महिन्यात दुपारी एक बाई माझ्या दारात उभी राहिली. मी ओळखत नव्हते. हातात पिशवी, डोळ्यांखाली काळं. "मी कानसेनची बायको. गॅरेजच्या वहीत तुमचा पत्ता मिळाला," म्हणाली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पेला हातातच धरून ठेवला.

"ताई, तुमची गाडी तपासली त्या दिवसापासून हे बदललेत. त्या दिवशी गाडीत काय झालं? मला खरं सांगा."

मी सांगितलं. सगळं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, हसली नाही, तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं नाही.

"घरी येतात," ती म्हणाली. "जेवतात, झोपतात. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत. पण हाक मारली की ओ देत नाहीत. मान वळवून नुसतं बघतात. आधी मी स्वयंपाकघरातून कुजबुजले तरी बाहेरून ओ यायची. इतकी वर्षं झाली लग्नाला, एक हाक फुकट गेली नव्हती माझी."

तिने पेला खाली ठेवून विचारलं, "गाडी कुठे आहे?"

आम्ही खाली गेलो. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्या दिवसापासून मी डिकी उघडली नव्हती. सामान मागच्या सीटवर ठेवायचे.

ती डिकीजवळ वाकली. दोन्ही हात पत्र्यावर ठेवले. ऊन होतं, चटका बसला असणार. तिने हात काढले नाहीत.

"अहो..."

काही नाही.

मला तिची कीव आली. मी तिच्या खांद्याला हात लावणार होते.

"अहो..." ती पुन्हा म्हणाली. अगदी हळू, घरात म्हणावं तसं.

आणि डिकीतून, खूप आतून, दमलेल्या माणसाची...

"ओ."

मीही ऐकली. देवाशपथ सांगते, मी ऐकली.

मी चावी लावली. डिकी उघडली. रिकामी. तिने चटई उचलली, खालचं चाक बाजूला केलं, पत्र्यावर हात फिरवला. काही नाही. तिने डिकी लावली आणि पुन्हा हाक मारली.

"ओ."

लावली की ओ येते. उघडली की काही नाही.

आता ती दर मंगळवारी येते, नवरा गॅरेजवर असतो तेव्हा. मागच्या सीटवर बसते, सीटच्या पाठीला तोंड टेकवून बोलते. मुलांचं, घराचं, कोण काय म्हणालं त्याचं. मी खिडकीतून बघते, खाली जात नाही. मी आता कामाला बसने जाते, जमतील तेवढेच पेशंट घेते. गाडी विकायचा विषय घरात निघाला तर मी भांडण काढते, आणि नवऱ्याला वाटतं मला त्या डबड्याचा लळा लागलाय.

गेल्या मंगळवारी जाताना तिने मला विचारलं, "तुम्ही प्रश्न विचारलात, तेव्हा उत्तर कोणी दिलं?"

मी म्हणाले, "डिकीतल्याने."

"आणि फोनवरचा?"

"तो नुसतं 'हेच म्हणालो होतो' म्हणाला."

तिने पिशवी उचलली आणि निघून गेली. उद्या मंगळवार आहे. ती आली तर मी दार उघडेन, पण तिच्याकडे बघायचं कसं, ते मला कळत नाही.